काढतंय हां!

आमच्या किनाऱ्यावर आजवर जेवढे लोक जेवढ्या वेळा 'नाय' म्हणाले असतील, त्यातले निम्मे 'नाय' एकट्या फोटोवाल्या भाऊंनी ऐकले आहेत, आणि ऐकलेला प्रत्येक 'नाय' त्यांनी पाळला आहे. मोठा पुरस्कार मिळालेला फोटोग्राफर म्हणून भाऊंचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. तिकडच्या लोकांना वाटतं, या माणसाने आयुष्यभर फोटो काढले. आम्हां वाडीतल्या माणसांना ठाऊक आहे की भाऊंचं बरंचसं आयुष्य फोटो न काढण्यातच गेलं. मला हे इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक आहे, कारण गेल्या फाल्गुनात तीन दिवसांच्या तापाने माझी आई गेली, आणि बाराव्याला भिंतीवर लावायला घरात तिचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावर होता तो पोलिसांनी पकडून आणलेल्या बाईचा वाटावा असा. मग माझ्या मनात आलं, भाऊ पंचवीस वर्षं रोज सकाळी ज्या किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन उभे राहिले, त्याच किनाऱ्यावर आईने पंचवीस वर्षं मासळीची पाटी भरली. एवढ्या वर्षांत एकदा तरी तिचा चेहरा त्यांच्या कॅमेऱ्यात आलाच असेल.

पण भाऊ कसे आहेत ते आधी सांगायला हवं, म्हणजे माझी ही आशा किती वेडी होती ते कळेल.

भाऊ नववी नापास. कुडाळच्या एका स्टुडिओत फिल्म धुण्याच्या कामाला लागले आणि तिथेच कॅमेरा शिकले. पुढे मालक त्यांना लग्नांना पाठवू लागले. फोटो काढायच्या आधी भाऊ मोठ्याने ओरडायचे, "काढतंय हां! कोणाक नको आसात तर बाजूक व्हा!" ही सवय त्यांना कुठून लागली ते कुणालाच माहीत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवतत ना गो, तसा." लग्नात असं ओरडल्यावर काय होणार? एका लग्नात नवऱ्या मुलाची आत्या काहीतरी मानपानावरून फुगली होती. ती म्हणाली, "माका नको." भाऊंनी तिला अख्ख्या लग्नातून वगळलं. अल्बम आला तेव्हा आत्या कुठेच नाही! अंतरपाटाजवळ नाही, पंगतीत नाही, वरातीत नाही. आत्या म्हणाली, "मी रागान म्हटलंय, खऱ्यान नाय." भाऊ म्हणाले, "रागातलो नाय खंयचो आणि खरो नाय खंयचो, ह्यां माका कसां समजतलां?" मालकांनी भाऊंना हाक मारून विचारलं, "तू लग्नाक जातंस की वकिलीक?" आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊ मोकळे झाले.

मग ते मुंबईला एका वर्तमानपत्रात गेले. तिथे एकदा आग लागलेल्या वस्तीत त्यांना पाठवलं. एक बाई जळलेल्या दारात बसून रडत होती. भाऊंनी तिला विचारलं, "काढू?" ती मान हलवून नको म्हणाली. भाऊ कॅमेरा बाजूला ठेवून तिच्याबरोबर भांडी उपसायला लागले आणि संध्याकाळी हात काळे करून रिकामे परतले. दुसऱ्या सगळ्या वर्तमानपत्रांत त्या बाईचा फोटो होता. महिन्याभरात भाऊ कोकणात परत आले. मालवणच्या बाजारात एक खोली घेतली, पासपोर्ट फोटोंचं दुकान टाकलं, आणि सकाळी सकाळी आमच्या किनाऱ्यावर यायला लागले.

आमच्या वाडीची रापण तेव्हा जोरात होती. होडीतून जाळं समुद्रात लांब फिरवून टाकायचं आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या. दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा. मात्र जाळं वाळूला लागेपर्यंत दोरी सोडायची नाही. मध्येच सोडली तर वाटा गेला, मग तो रापणीच्या मालकाचा मुलगा का असेना. भाऊ पहिल्या दिवशी आले आणि कॅमेरा गळ्यात अडकवून थेट दोरीलाच लागले. लोक हसले. "काय रे, मासळी होई?" "मासळी नको. आधी दोरी धरूक देवा, मगे फोटो." आठ दिवसांत हाताला फोड आले, पंधराव्या दिवशी फोड फुटले, आणि महिन्याने भाऊंनी पहिला फोटो काढला. तोसुद्धा ओरडून!

त्यांच्या धंद्यातले दुसरे फोटोग्राफर कधीकधी त्यांना भेटायला येत. मोठमोठ्या पिशव्या, मोठमोठ्या दुर्बिणींसारखी भिंगं. त्यांना भाऊंचं हे ओरडणं बघून धक्का बसायचा. माणूस बेसावध असतो तोच तर क्षण, तो एकदा गेला की गेला, असं एकाने त्यांना कळवळून समजावलं. भाऊ त्याला पेडव्याच्या मासळीचं तिखलं वाढत म्हणाले, "क्षण खंय जातलो? रापण रोज आसा. माणूस एकदा रागावलो की मात्र परत येणा नाय." त्यामुळे भाऊंच्या फोटोंची एक गंमत झाली होती. प्रत्येक फोटोच्या कडेला कुणीतरी बाहेर पडत असतं. कुणाची पाठ, कुणाचा पळता पाय, कुणाच्या लुगड्याचा सुटलेला पदर. जाणकार लोक त्याला त्यांची शैली म्हणतात. ती शैली नव्हे, ती 'नको' म्हणणारी माणसं आहेत.

फोटो धुऊन आला की त्यातल्या प्रत्येकाला एक प्रत घरपोच. "तो माझो एकट्याचो न्हय. दोरी सगळ्यांनी ओढली, वाटो सगळ्यांचो." लोकांनी या वाट्याचं काय केलं? शिधापत्रिकेला फोटो लागला की कात्रीने आपलं डोकं कापून घेतलं. भाऊ एकदा आमच्या शेजारच्या काकांकडे गेले तर भिंतीवर त्यांचा लाडका फोटो आणि त्यात मधोमध चौकोनी भोक. "ह्यां काय केलंस रे?" काका म्हणाले, "तोंड रेशनच्या सोसायटीत गेलां. आंग हयसर आसा." भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. मग गावभर सांगत फिरले, "तोंड होयां तर दुकानात येवा, फुकट काढून देतंय. पण दोरीवरच्या माणसाक कापू नकात रे, दोरी तुटता!" तेव्हापासून दाढी न केलेल्या रापणकारांची रांग बाजारातल्या दुकानात लागू लागली आणि पासपोर्ट फोटोचा धंदाही बसला.

या माणसाला माझ्या आईने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "भाऊ, तू माणूस बरो आसस. पण माझो फोटो काढलंस तर ही पाटी डोक्यात घालीन."

तिच्या या रागाला कारण होतं. मी चौथीत असताना बाजारात कुणी बातमीदार येऊन तिचा फोटो न विचारता काढून गेला होता. गिऱ्हाइकाशी घासाघीस चाललेली, हात वर, तोंड उघडं. तो रविवारी छापून आला आणि खाली लिहिलं होतं, 'मासळी कडाडली'. आईला वाचता येत नव्हतं. तिला तो फोटो सापडला तो एसटी स्टँडवरच्या गाड्यावर. लोक त्यात भजी बांधून घेत होते. ती घरी येऊन चुलीपुढे बसली आणि एवढंच म्हणाली, "लोकांनी भजी खाल्ल्यानी आणि माझ्या तोंडाक हात पुसल्यानी." त्यानंतर कॅमेरा दिसला की आई तिथून उठायची. पदवीचा झगा घालून फोटो काढून घ्यायला मी तिला भाऊंच्या दुकानात घेऊन गेले तेव्हाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे आईने नवं लुगडं नेसलं होतं. मला वाटलं, आज तरी माझ्या शेजारी उभी राहील. भाऊ ओरडले, "काढतंय हां!" आणि आई पडद्यामागे. तो फोटो आजही माझ्याकडे आहे. मी झग्यात ताठ उभी आहे, माझ्यामागे पडदा एका जागी फुगला आहे आणि त्याच्याखाली दोन पाय दिसतात.

पुरस्काराच्या फोटोचंही असंच झालं. त्या सकाळी रापण जड लागली होती. तीसेक माणसं दोरीला, आई सगळ्यात शेवटी. भाऊ आपल्या जागेवरून निघून समोर गेले आणि नेहमीसारखे ओरडले. आता आईची पंचाईत झाली! फोटोतून तर निघायचं होतं, पण दोरी सोडली तर वाटा जाणार. मग तिने काय केलं असेल? दोरी तशीच धरून ती जेवढी लांब सरकता येईल तेवढी सरकली. भाऊ थांबले. ती बाहेर पडली असं वाटेपर्यंत थांबले. मगच बटण दाबलं. फोटोत ओळीने वाकलेली तीस माणसं आहेत, मागे राखाडी समुद्र आहे, आणि उजव्या कडेला, चौकटीच्या बाहेरून आत आलेला एकच हात आहे. कोपरापर्यंत ओला, दोन हिरव्या बांगड्या, आणि मूठ दोरीवर घट्ट.

त्या फोटोसाठी इंग्रजीतला अर्ज मी भरला. तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझं इंग्रजी खरोखर कुणाच्या उपयोगी पडण्याची ती पहिली वेळ. मी फोटोखाली लिहिलं, 'मच्छीमार जाळे ओढत आहेत.' भाऊंनी अर्थ विचारला आणि म्हणाले, "ओढतत तां दिसताच. नावां लिही." मी तीस नावं लिहिली. शेवटच्या हातापाशी थांबले. भाऊ म्हणाले, "तुझ्या आवशीक विचार." आई चुलीवरून मान न वळवता म्हणाली, "नाय." म्हणून त्या अर्जात मी लिहिलं, 'एक बाई. नाव देऊ नये अशी तिची इच्छा आहे.' एवढं एक वाक्य बरोबर लिहिण्यासाठी मी दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले होते.

दिल्लीला पुरस्कार घेताना भाऊंनी काय करावं? पाहुण्यांच्या हातातून मानचिन्ह घेतलं, समोर शंभर कॅमेरे रोखलेले बघितले, आणि मंचावरच्या मंडळींकडे वळून म्हणाले, "हे काढतत हां. कोणाक नको आसात तर बाजूक व्हा." कुणालाच कळलं नाही. फक्त एक म्हातारे पाहुणे, बहुधा सभ्यपणाने, दोन पावलं बाजूला झाले. दुकानात लावलेल्या त्या समारंभाच्या फोटोत भाऊंच्या शेजारी एक मोकळी जागा आहे. ती दाखवून भाऊ म्हणतात, "एकटो तो समाजलो."

पुढे मुंबईहून एका मासिकाचा माणूस आला. त्याला त्या हाताची बाई हवी होती. भाऊंनी त्याला जेवू घातलं आणि सांगितलं, "ती नाय म्हणाली." तो हट्टाने किनाऱ्यावर विचारत फिरला, तेव्हा एकामागून एक नऊ बायका पुढे आल्या आणि आपापला उजवा हात दाखवून म्हणाल्या, "ह्यो माझो!" एक तर डावरी होती. माझी आई त्यांच्यातच उभी राहून सुपारी कातरत होती. तिने काही हात पुढे केला नाही.

दर नारळी पुनवेला, समुद्राला नारळ देऊन झाला की, भाऊ आईसमोर येऊन उभे राहत. "वयनी, यंदा?" "नाय." "बरां." संपलं. वर्षानुवर्षं एवढंच. गेल्या नारळी पुनवेला मात्र आई म्हणाली, "पुढच्या वर्साक बघूया. दात बसवून घेतंय." भाऊ इतके खूश झाले की ओला नारळ घेऊन आमच्या घरापर्यंत चालत आले, आणि दाताच्या डॉक्टरांची वेळ घेण्याविषयी मला तीनदा बजावून गेले. मी वेंगुर्ल्याच्या शाळेत शिकवते. आज जाऊ उद्या जाऊ, परीक्षा झाल्यावर जाऊ, असं करत ते राहिलं.

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी भाऊंच्या दुकानात गेले. काही बोलावं लागलं नाही. त्यांनी माळ्यावरचे पत्र्याचे डबे खाली काढले, खालून दिवा लागणारी काच टेबलावर ठेवली, आणि आम्ही दोघं एकेक फिल्म त्यावर पसरून भिंगातून बघत बसलो. दोन दिवस. आई सगळीकडे होती. टाच होती, पाटीची कडा होती, पदर होता, वाळूवर पडलेली सावली होती, अंबाडा आणि त्यातली अबोली होती. चेहरा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा डबा संपला तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले, "भाऊ, एकदा, पंचवीस वर्षांत एकदा तरी न विचारता काढायचा होतात! कोणाला कळलं असतं?"

भाऊंनी भिंग पुसून ठेवलं. मग म्हणाले, "एकदा बोट बटनार गेललां, बाय."

एका सकाळी रापणीत बांगड्यांचा ढीग आला होता, त्या दिवसाची गोष्ट त्यांनी सांगितली. आई विसरली होती की भाऊ तिथे आहेत. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती हसली. भाऊंच्या कॅमेऱ्यात तिचा पूर्ण चेहरा. "आराडलंय तर ती जातली. नाय आराडलंय तर माझो सबूद जातलो." त्यांनी कॅमेरा खाली घेतला. "तां तोंड माका अजून दिसता. पण तुका कसां दाखवू?"

मी म्हटलं, "सांगा."

आणि नववी नापास झालेल्या त्या माणसाने मला माझ्या आईचा फोटो तोंडी दाखवला. ऊन तिच्या डाव्या गालावर होतं. कपाळावर एक केस ओला होऊन चिकटला होता, तो बाजूला करायला हात मोकळे नव्हते, कारण दोन्ही हातांत शेपटाला धरलेले बांगडे. हसताना तिने डोळे मिटले होते आणि मान मागे टाकली होती. वरचा एक दात पडला होता तो दिसत होता, आणि तिला त्याची पर्वा नव्हती. कानातल्या कुड्यांपैकी एका कुडीवर माशाचं खवलं चिकटून चमकत होतं. भाऊ डोळे मिटून एकेक गोष्ट सांगत होते, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, काही राहू नये म्हणून. सांगून झाल्यावर म्हणाले, "माझो सगळ्यात बरो फोटो तो. भाऊ मेलो की तो पण जातलो. म्हणान तुका दिलंय."

बाराव्याला मी पुरस्काराचा फोटो भिंतीवर लावला, अख्खा, न कापता. मावशी झेंडूचा मोठा हार घेऊन पुढे झाली आणि तिने तो चौकटीवर चढवला. लगेच मागून ओरडा! त्या फोटोतली निम्मी माणसं खोलीतच बसली होती. "अगो, माझ्या गळ्यात हार कित्याक घालतंस? मी जितो आसंय!" दुसरा म्हणाला, "काढ तो आधी, माझी बायको हयसर बसली आसा!" बाराव्याच्या घरात हसू नये हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाठीमागे तोंड लपवून हसला. हार खाली आला. मावशी रडवेली होऊन विचारत राहिली, मग घालू तरी कुठे? शेवटी भाऊंनीच परसातून चार अबोलीची फुलं आणली, दोऱ्यात ओवली, आणि फोटोच्या उजव्या कडेला, जिथून तो हात आत येतो तिथे, खिळ्याला अडकवली.

पानं वाढायच्या आधी भाऊंनी कॅमेरा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं. सगळी मंडळी भिंतीशी सरकून बसली. भाऊ दारात गेले, एक डोळा मिटला आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "काढतंय हां! कोणाक नको आसात तर बाजूक व्हा!"

कुणीच हललं नाही. भाऊंनी तरी बटण दाबलं नाही. त्यांनी कॅमेरा जरा उजवीकडे वळवला, अबोलीच्या दिशेने, आणि थांबले. दोरी हातात धरून एक बाई वाळूवरून चौकटीबाहेर सरकायला जेवढा वेळ घेते, तेवढा वेळ थांबले. मग कॅमेरा पुन्हा आमच्याकडे वळवून त्यांनी फोटो काढला.